दिवाणखान्यांतील शर्यत

डहाणूहून समुद्राच्या कडेनें उत्तरेस निघालें म्हणजे नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी अशीं गांवें लागत जातात. एका अंगाला वाळू व सुरूचीं झाडें, दुसऱ्या अंगाला चिकूच्या वाड्या, आणि मधून जाणारा साधा रस्ता. ह्या वाटेवर घाई करावी असें कांहींच नाहीं. तरीसुद्धां मे महिन्याच्या सुट्टींत चिखले येथील एखाद्या घरीं मुंबईहून नातवंडें आलीं, कीं त्यांच्या सामानांतून कपड्यांच्या आधीं एक काळी पेटी बाहेर निघते. ती टीव्हीला जोडली जाते, आणि समुद्र हांकेच्या अंतरावर असतांना मुलें दुपारभर पडद्यावर मोटारी पळवीत बसतात. घरांतील वडील मंडळी पहिल्या दिवशीं नवल करतात, दुसऱ्या दिवशीं रागावतात, आणि पुष्कळदां तिसऱ्या दिवशीं "बघूं, मला दे एकदां" म्हणून हात पुढें करतात. सात वर्षांचा नातू व सत्तर वर्षांचे आजोबा ह्यांना सारखेंच गुंतवून ठेवील असें ह्या खेळांत आहे तरी काय? आणि ज्या तालुक्यांतून देशांतील एक अत्यंत वाहता महामार्ग जातो, तेथील घरानें ह्या खेळाकडे कोणत्या दृष्टीनें पहावें? ह्या दोन प्रश्नांचा विचार एकत्रच केला पाहिजे. कारण पहिल्याच्या उत्तरांतच दुसऱ्याचें उत्तर दडलेलें आहे.

मोटारींच्या शर्यतीचे व्हिडिओ खेळ ढोबळ मानानें दोन प्रकारचे असतात. एक प्रकार खऱ्या मोटारीची शक्य तितकी हुबेहूब नक्कल करूं पाहणारा. टायरांची पकड, वजनाचा झोंक, ब्रेकची मर्यादा ह्या सर्वांचा हिशेब त्यांत ठेवलेला असतो. १९९७ सालीं सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन यंत्रासाठीं निघालेला 'ग्रान टुरिस्मो' हा ह्या प्रकाराचा प्रसिद्ध नमुना होय. दुसऱ्या प्रकाराला 'आर्केड' पद्धतीचा खेळ म्हणतात. आर्केड म्हणजे नाणें किंवा टोकन टाकून खेळावयाच्या यंत्रांचें दालन. आपल्याकडील शहरांत त्याला व्हिडिओ गेम पार्लर असें नांव पडलें. घरोघरीं लहानथोरांना भुरळ घालतो तो मुख्यतः हा दुसरा प्रकार, आणि त्याचें मर्म समजून घ्यावयाचें तर नाण्यावर चालणाऱ्या यंत्रापासूनच आरंभ करावा लागतो.

अशा यंत्राच्या मालकाचा हिशेब सरळ असतो. गिऱ्हाइकाला खेळ दहा सेकंदांत उमगला पाहिजे, नाहीं तर तें शेजारच्या यंत्राकडे वळतें. उलट एकाच नाण्यांत तें अर्धा तास रमलें, तर मालकाचें दिवाळें निघतें. म्हणून खेळ शिकण्यास सोपा, जिंकण्यास अवघड आणि दोनचार मिनिटांत संपणारा हवा. आणि तो अशा क्षणीं संपावा, कीं "थोडक्यांत हुकलें" ही हळहळ मनांत राहून खिशांतील दुसरें नाणें आपोआप बाहेर यावें. मोटारीची शर्यत ह्या व्यापाराला फारच सोयीची ठरली. चाक वळवलें कीं गाडी वळते आणि पायाखालची पट्टी दाबली कीं ती धांवते, हें कोणालाही शिकवावें लागत नाहीं. अमेरिकेंतील अटारी कंपनीनें १९७४ सालीं 'ग्रान ट्रॅक १०' हें यंत्र काढलें, त्याला खरोखरीचें चाक बसवलेलें होतें.

त्याच कंपनीचें १९७६ मधील 'नाइट ड्रायव्हर' हें यंत्र तर विचार करण्यासारखें आहे. त्या काळच्या यंत्रांत रस्ता, झाडें, डोंगर रंगवण्याइतकी ताकद नव्हती. तेव्हां करणारांनीं युक्ति अशी केली, कीं प्रसंग रात्रीचा घेतला. पडदा सगळा काळा; त्यावर फक्त रस्त्याच्या दोन्ही कडांचे पांढरे खुंट. ते दुरून लहान दिसत, जवळ येतांना मोठे होत व दोन्ही बाजूंनीं झपाट्यानें मागें सरत. मोटार तर पडद्यावर नव्हतीच. तिचें चित्र प्लॅस्टिकवर छापून कांचेवर खालच्या बाजूला बसवलेलें होतें. आणि तरीही खेळणाराला अंधारांत गाडी भरधांव सोडल्याचा भास होई!

हा भास कसा होतो, हें आगगाडीनें प्रवास करणाऱ्या प्रत्येकाच्या अनुभवाचें आहे. डहाणू रोड सोडून गाडी घोलवडकडे निघाली, कीं रुळांलगतचे खांब डोळ्यांसमोरून सटासट जातात, वाड्यांतील झाडें त्याहून सावकाश सरकतात, आणि पूर्वेकडचे डोंगर जणुं गाडीबरोबरच चालतात. डोळ्याला वेग असा थेट दिसत नाहीं. जवळच्या वस्तु किती झपाट्यानें मागें पडतात ह्यावरून मेंदू तो ताडतो. शर्यतीचा खेळ करणाऱ्या कारागिरांनीं नेमकें हेंच हेरलें आहे. ते पाहणाराचा डोळा जमिनीलगत, मोटारीच्या पाठीशीं नेऊन ठेवतात. रस्त्याच्या अगदीं कडेला खांब, फलक व झाडें दाटीनें लावतात. वेग वाढला कीं दृश्याची रुंदी किंचित् वाढवतात, कडा पुसट करतात, चित्राला हलकासा थरकांप देतात आणि इंजिनाचा सूर वरच्या पट्टींत चढवतात. कोपऱ्यांतील आंकडा २०० दाखवो कीं ३००, ती केवळ चिठ्ठी आहे. खरा वेग त्या खांबांत व त्या सुरांत असतो. हातांत कंट्रोलर — आजोबा त्याला रिमोटच म्हणतात — घट्ट धरून वळणावर सबंध शरीर एका अंगाला कलवणारें मूल पाहिलें, म्हणजे ही फसवणूक किती पूर्ण असते तें कळतें.

१९८२ सालीं जपानच्या नामको कंपनीचा 'पोल पोझिशन' आला, आणि मोटारीच्या मागून दिसणारा रस्ता ही मांडणी रूढ झाली. पुढें १९८६ मध्यें सेगा कंपनीच्या यु सुझुकी ह्यांनीं 'आउटरन' रचला. त्यांत प्रतिस्पर्ध्याला हरवण्याचा प्रश्नच ठेवला नव्हता. उघड्या टपाची तांबडी मोटार, समुद्रकिनारा, निळें आकाश, आरंभीं तीन सुरावटींपैकीं आवडेल ती निवडण्याची मोकळीक, आणि रस्त्याला फांटा फुटला कीं डावीकडे जावें कीं उजवीकडे हें ठरवण्याचें स्वातंत्र्य. विरोध काय तो घड्याळाचा. नेमलेल्या वेळांत पुढचें ठाणें गांठलें तर आणखी कांहीं सेकंद पदरांत पडत. नाहीं तर खेळ तेथेंच संपे. प्रवासाचा आनंद व वेळेची टोंचणी ह्यांची ही सांगड इतकी यशस्वी झाली, कीं पुढच्या कित्येक खेळांनीं ती उचलली.

हे खेळ घरांत शिरले ते निराळ्या वाटेनें. निन्टेण्डो ह्या जपानी कंपनीनें १९८३ सालीं 'फॅमिली कॉम्प्युटर' नांवाचें घरगुती यंत्र काढलें. त्याच्या स्वस्त नकला १९९० नंतरच्या दशकांत भारतांतील मध्यमवर्गीय घरांत पसरल्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून किंवा परदेशाहून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगांतून तीं यंत्रें येत. खेळाच्या डबीला मुलें 'कॅसेट' म्हणत. वेष्टणावर हजारों खेळांचें आश्वासन छापलेलें असे, पण आंत थोडेच खेळ पुन्हांपुन्हां मोजलेले असत. आणि कॅसेट चालेना, तर तिच्या तोंडांत फुंकर घालणें हा सर्वमान्य उपाय होता. आज चाळिशीला आलेल्या पुष्कळ मराठी गृहस्थांनीं पहिली मोटार चालवली ती अशाच एका कॅसेटमधील 'रोड फायटर' ह्या खेळांत. कोनामी कंपनीचा हा १९८४ सालचा खेळ. रस्ता वरून पाहिल्यासारखा दिसे, वेगाचा आंकडा ४०० पर्यंत चढे, आणि इंधन संपण्यापूर्वीं मुक्काम गांठावयाचा असे. दुसऱ्या गाडीचा धक्का लागला तर मोटार घसरे. रस्त्याच्या कडेवर आदळली तर तिचा स्फोट होई. मग? मग थोडें इंधन कमी होऊन तीच मोटार, धडधाकट, पुन्हां रस्त्यावर उभी राही.

ह्या एका गोष्टींत आर्केड पद्धतीच्या खेळाचें सगळें रहस्य सांपडतें. ह्या खेळानें खऱ्या वाहनांतील वेग तेवढा घेतला आहे आणि वेगाचें मोल वजा केलें आहे. हा गबाळेपणा नव्हे. ती विचारपूर्वक केलेली निवड आहे. खऱ्या मोटारीला वजन असतें. तें वळणावर बाहेर फेंकलें जातें. खऱ्या मोटारीचीं मागचीं चाकें घसरलीं तर तो चालकाच्या हातून ताबा सुटल्याचा इशारा असतो. आर्केड खेळांत मात्र तेंच घसरणें हें कौशल्य ठरतें. १९९३ सालच्या 'रिज रेसर' मध्यें वळणावर मोटार आडवी घसरवीत नेणें हाच सगळा आनंद होता. हा खेळ १९९४ च्या डिसेंबरांत जपानमध्यें प्लेस्टेशन यंत्राबरोबरच विक्रीस आला, आणि पार्लरमधील थाट जवळजवळ जसाच्या तसा दिवाणखान्यांत उतरला. 'मारिओ कार्ट' ह्या मालिकेंतील पुढच्या खेळांत तर नीट घसरणाऱ्याला बक्षीस म्हणून वेगाचा जादा झटका मिळूं लागला. जी चूक रस्त्यावर प्राण घेते, तिलाच येथें शाबासकी मिळते.

नाणें गेलें, पण नाण्यानें घडवलेला आकार राहिला. घरच्या यंत्रावर प्रत्येक डावाला पैसे पडत नाहींत, तरी शर्यत तीनचार मिनिटांचीच असते, हरल्यावर 'पुन्हां' हें बटण बोटाखालींच असतें, आणि हार अगदीं थोडक्याचीच वाटते. "आजी, शेवटचा एकच डाव!" हें वाक्य स्वयंपाकघरांतून पांच वेळां कां ऐकूं येतें, ह्याचा उलगडा येथें होतो. मूल हट्टी असतें म्हणून नव्हे. गिऱ्हाइकाला उठूं न देणें हा ज्या यंत्राचा मूळ व्यवसाय, त्याचाच हा वंशज आहे. हें ध्यानांत घेतलें तर घरांतील वादावादी पुष्कळ कमी होईल. "दहा मिनिटांत उठ" ह्या आज्ञेपेक्षां "दोन शर्यती झाल्या कीं उठ" ही आज्ञा मुलाला अधिक पाळतां येते. कारण खेळाचें माप मिनिटें नसून डाव आहे.

ह्या खेळांचा दुसरा मोठा गुण असा, कीं ते कुटुंबाला एका पडद्यापुढें बसवतात. १९९२ सालच्या 'सुपर मारिओ कार्ट' मध्यें पडदा आडवा दुभागून दोघांनीं खेळण्याची सोय होती. १९९६ च्या पुढील खेळांत चौघांची झाली. पण पडदा वांटून दिला म्हणजे खेळ जमतोच असें नाहीं. बुद्धिबळांत निष्णात नातू व नवशिकी आत्या बसवली, तर तिसऱ्या डावापूर्वींच पट गुंडाळला जातो. सापशिडींत उलट आहे; तेथें सगळा फाशांचा कारभार, म्हणून लहान मुलें व आजी आनंदानें खेळतात, पण जाणत्याला त्यांत कसब दाखवतां येत नाहीं. मारिओ कार्ट ह्या दोहोंच्या मधोमध उभा आहे. वाटेवर मिळणाऱ्या पेट्यांतून जीं आयुधें निघतात, तीं मागें पडलेल्याला जोरकस आणि पुढें असलेल्याला किरकोळ मिळतात. इतर पुष्कळ खेळांत यंत्राच्या ताब्यांतील मोटारी, खेळणारा मागें राहिला तर हळूच वेग आवरतात व तो पुढें गेला तर जोरानें पाठलाग करतात. ह्यामुळें शर्यत शेवटपर्यंत रंगते, नातवाला जिंकण्याची खात्री वाटत नाहीं आणि आत्याची आशा सुटत नाहीं. ही न्यायाची रीत नव्हे, असें कोणी म्हणेल. पण लहान भावाला दोन पावलें पुढून सोडून मग शर्यत लावण्याची रीत अंगणांत पूर्वींपासून आहे, आणि तिला कोणी अन्याय म्हटलेलें नाहीं. २०१७ सालच्या 'मारिओ कार्ट ८ डिलक्स' ह्या खेळाच्या सहा कोटींहून अधिक प्रती जगभर खपल्या, त्यामागें ह्या घरगुती शहाणपणाचा वांटा मोठा आहे.

येथवर झालें तें खेळाच्या बाजूचें. आतां दुसरा प्रश्न. चिखल्यापासून पूर्वेस डोंगराकडे गेलें कीं मुंबई–अहमदाबाद महामार्ग लागतो. पूर्वीं त्याचा क्रमांक ८ होता, आतां ४८ आहे. मनोर, चारोटी, तलासरी अशा ठिकाणांवरून तो गुजरातच्या हद्दींत शिरतो. त्या रस्त्यावर कडेला आदळलेली मोटार पुन्हां धडधाकट उभी राहत नाहीं. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर एक मोटार कठड्यावर आदळली. मोटार उत्तम बनावटीची होती, वेळ दिवसाची होती. पुढच्या आसनांवरील दोघे जखमी होऊन वांचले. मागच्या आसनांवरील दोघे गेले. त्यांत टाटा उद्योगसमूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री हे होते. मागें बसलेल्यांनीं पट्टे बांधलेले नव्हते, असें तपासांत आढळलें. मागील आसनावरही पट्टा बांधणें नियमानें बंधनकारक आहे, ही गोष्ट पुष्कळांना त्या दिवशीं प्रथम कळली.

खेळ हे असे अपघात घडवतो, असा आरोप करणें सोपें आहे, पण तें बरोबर होणार नाहीं. खेळाविषयीं खात्रीनें म्हणतां येईल तें एवढेंच, कीं रस्त्यावर ज्या गोष्टी प्राण वांचवतात त्या तो शिकवीत नाहीं. साधा हिशेब घ्यावा. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर जाते. संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरला, तर तेवढें अंतर असेंच जातें. मग कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागून गाडी थांबावयास आणखी सुमारें २० मीटर लागतात. एकूण ३७. आतां वेग दुप्पट, म्हणजे १२० केला. मुलाला विचारलें, तर तो अंतर दुप्पट, म्हणजे ७४ मीटर सांगेल. पण ब्रेक लागल्यानंतरचें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. वेग दुप्पट, तर तें चौपट. म्हणून पहिल्या सेकंदाचे ३३ व ब्रेकचे ८० मिळून ११३ मीटर, म्हणजे तिपटीहून अधिक. आर्केड खेळांत हा वर्ग नाहीं. तेथें ब्रेक दाबावाही लागत नाहीं. पडद्यावर हजार शर्यती जिंकलेल्या मुलाच्या बोटांना ह्या गणिताची ओळखसुद्धां झालेली नसते.

ह्यावर कोणी ब्रिटनच्या यान मार्डनबरो ह्याचें उदाहरण देईल. तो २०११ सालीं ग्रान टुरिस्मोची स्पर्धा जिंकला आणि पुढें २०१३ मध्यें फ्रान्सच्या ल मां येथील चोवीस तासांच्या खऱ्या शर्यतींत उतरला. गोष्ट खरी आहे. पण तो हुबेहूब नकलेचा खेळ होता, आर्केड पद्धतीचा नव्हे. आणि खेळांतून निवड झाल्यावरही खऱ्या मोटारीचें शिक्षण त्याला खऱ्या शर्यतीच्या मार्गावर घ्यावें लागलें. पडद्यानें दार उघडलें, चालावयास शिकवलें तें रस्त्यानें.

कायद्याची दृष्टिही स्पष्ट आहे. मोटार चालवण्याचा परवाना अठराव्या वर्षापूर्वीं मिळत नाहीं. २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत दुरुस्ती झाली, तेव्हांपासून अल्पवयीन मुलानें वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनाच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. सुट्टींत गांवीं आलेल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या हातीं "वाडीपर्यंतच तर जायचें आहे" म्हणून स्कूटरची किल्ली देणाऱ्या मामांनीं व काकांनीं हें लक्षांत ठेवलेलें बरें. अशा वेळीं दोष कन्सोलचा नसतो, किल्ली देणाऱ्या हाताचा असतो.

तेव्हां घरानें करावें काय? काळी पेटी माळ्यावर टाकण्यानें कांहीं साधत नाहीं. मुलाला वेगाची ओढ असते ती पेटीमुळें नव्हे. उलट, ज्या वेगाला कोणाचीही इजा न होतां चाखतां येतें, असा तो एकच वेग घरांत उपलब्ध आहे. त्याहून बरा उपाय म्हणजे दुसरा कंट्रोलर वडिलांनीं स्वतः हातीं घेणें. आजोबा चार वेळां समुद्रांत पडतील, नातू पोट धरून हंसेल, "आजोबा, घाबरूं नका, गाडी परत येते" असा धीर देईल. त्याच वेळीं, उपदेशाचा आव न आणतां, "येथें येते रे; महामार्गावर येत नाहीं" एवढें त्यांनीं म्हणावें. त्याच संध्याकाळीं मोटारीनें डहाणूला जातांना मागच्या आसनावर बसून आधीं आपला पट्टा बांधावा, मग नातवाचा तपासावा, आणि पुढची गाडी थांबली तर आपली कोठें थांबेल, ह्याचा अंदाज त्याला करावयास सांगावा. ज्या मुलाला पडद्यावरील वळण दोन क्षण आधीं दिसतें, त्याला हें अवघड जाणार नाहीं.

शर्यतीच्या खेळाची मोहिनी खोटी नाहीं. तिनें वगळलेली किंमत तेवढी खरी आहे. ती किंमत कोणती, हें मुलाला गाडीच्या चाकाआधीं कळावें, आणि तें रस्त्याकडून कळण्यापूर्वीं घरांतील माणसांकडून कळावें, एवढीच दक्षता घ्यावयाची आहे.